भिंतीतील वाटा

गेल्या माघात डोंबिवलीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी भेंडीची सात रोपे लावली होती. शेती म्हणावी इतका हा उद्योग मोठा नव्हता, आणि नुसता छंद म्हणून सोडून द्यावा इतका माझा जीव त्यातून सुटाही नव्हता. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी उठून कोठे तरी जावयाचे असते. चार जिने चढून गच्चीवर जाणे हे त्यातल्या त्यात सोपे. रोपांनी चांगला जीव धरला. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि पोटाशी गडद तांबडा रंग अशी ती फुले येऊ लागली, आणि बोटाएवढ्या पहिल्या भेंड्याही धरल्या. एवढ्यात चैत्रातल्या एका सकाळी मधल्या रोपाच्या एका पानाच्या शिरा पिवळ्या झालेल्या दिसल्या. पान हिरवे, पण शिरा मात्र कोणी सोन्याच्या तारेने विणाव्यात तशा. खरे सांगावयाचे तर ते पान मला सुंदरच वाटले. दोन दिवसांनी शेजारचे पानही तसेच झाले, तेव्हा मी दोन्ही पाने खुडून टाकली आणि रोगाचा बंदोबस्त झाला अशा समाधानात खाली उतरलो.

आठवड्याने त्याच रोपाच्या शेंड्याशी एक नवे पान उलगडले, ते पिवळ्या शिरा घेऊनच. मी जी पाने खुडली त्यांच्यात आणि ह्या पानात वीतभर देठाचे अंतर होते. रोगाने हे अंतर कसे तोडले असावे?

स्टेशनाजवळ मुरबाडकडून भाजी घेऊन येणारी एक बाई बसते. तिच्याकडून भेंडी विकत घेताना मी खिशातले ते पान तिला दाखविले. तिने ते हातातसुद्धा घेतले नाही. "बाबा, हा केवडा. पानं खुडून काय होणार? झाड मुळासकट उपटा, नाहीतर माशी बाकीच्यांनाही लावील." एका सुगंधी फुलाचे नाव रोगाला द्यावे हे मला मोठे गमतीचे वाटले, पण त्या बाईच्या स्वरात गंमत नव्हती. तिच्या घरचे पीक ह्या केवड्याने कधी तरी नेले असले पाहिजे.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ह्या रोगाशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १९२४ साली कुलकर्णी ह्या संशोधकांनी मुंबई इलाख्यातून त्याची पहिली नोंद केली. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर ह्यांनी तो विषाणूमुळे होतो असे दाखविले. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते आणि निरोगी झाडावर बसून तोच विषाणू आपल्या लाळेबरोबर त्याच्या शिरांत सोडते. ह्या रोगात मूळ विषाणूला डीएनएचा आणखी एक लहानसा तुकडा साथ देतो आणि दोघे मिळून झाडाला पिवळे करतात, हे तर २००३ साली उघड झाले. मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात भेंडीचा एका रानटी नातलगाशी संकर करून 'परभणी क्रांती' हे रोगाला दाद न देणारे वाण काढले. पण काळाच्या ओघात त्याचीही ती शक्ती पूर्वीइतकी राहिली नाही. माशी ह्या झाडावरून त्या झाडावर कशी जाते हे समजण्यासारखे आहे. तिला पंख आहेत. परंतु विषाणूला ना पंख, ना पाय. एकाच झाडाच्या आत, पानातून शेंड्यापर्यंत, तो कसा चालतो?

शाळेत आम्हांला पेशी शिकविल्या तेव्हा मास्तरांनी फळ्यावर विटांची भिंत काढली होती. प्रत्येक वीट म्हणजे एक पेशी, असे ते म्हणाले. रॉबर्ट हूक ह्याने १६६५ साली बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात दिसलेल्या रिकाम्या घरांना 'सेल' हे नाव दिले. ह्या शब्दाचा मूळ अर्थ लहानशी खोली. म्हणजे वनस्पती ही एक मोठी चाळ, आणि तिच्या प्रत्येक खोलीला चारी बाजूंनी पक्की भिंत, अशी माझी समजूत पन्नास-साठ वर्षे अबाधित राहिली होती. ह्या भिंती खऱ्याच आहेत. प्राण्यांच्या पेशींना त्या नसतात. वनस्पतींच्या पेशींना असतात, आणि लाकडाचे बळ त्यांच्यातूनच येते. पण मग बिऱ्हाडकरू एकमेकांशी बोलतात कसे, हा प्रश्न त्या वर्गात कोणी विचारला नाही, आणि मीही नाही.

माझी एक पुतणी ठाण्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविते. मी तिच्याकडे माझे गाऱ्हाणे नेले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, सांगत बसण्यापेक्षा दाखवितेच." तिने सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी ठेविली. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील एका फळाच्या बीचा तो पातळ काप होता. मी डोळा लावला. प्रथम जाड, पांढुरक्या भिंती दिसल्या. आणि मग नजर स्थिरावल्यावर त्या भिंतींतून आरपार जाणाऱ्या काळसर, केसाहून कितीतरी बारीक अशा असंख्य रेषा दिसल्या. एका खोलीतून निघून त्या शेजारच्या खोलीत शिरत होत्या. भिंत होती, पण ती आंधळी नव्हती.

ह्या रेषा पहिल्यांदा ओळखल्या त्या एडुआर्ड टांगल ह्याने, १८७९ साली. त्याने ज्या बिया कापल्या त्यांत काजऱ्याचीही होती. आपल्या कोकणच्या रानात वाढणारा आणि बीत कडू जहर बाळगणारा तोच काजरा. टांगलने ह्या रेषांना उघडी दळणवळणे म्हटले आणि त्यांच्या योगाने सुट्या पेशींचे मिळून एक वरच्या पायरीचे शरीर होते असा विचार मांडला. पुढे १९०१ साली श्ट्रासबुर्गर ह्याने त्यांना जे नाव दिले त्यावरूनच आज त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. नाव अवघड आहे. मी आपला त्यांना वाटाच म्हणेन.

ह्या वाटांची रुंदी ३० ते ५० नॅनोमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरात त्या वीस ते तीस हजार ओळीने मावतील. एकेका पेशीभोवती त्या हजारोंनी असतात. पुतणीने सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. पुष्कळशा वाटा भिंत बांधून झाल्यावर मागाहून पाडलेल्या नसतात. एका पेशीच्या दोन होत असताना मध्ये नवी भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीच्या बांधकामातच जुन्या पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेचे धागे अडकून राहतात. तेथेच वाट होते. म्हणजे वेगळे होताना जे तुटले नाही, तेच दळणवळणाचे साधन झाले. जुन्या भिंती फोडून काढलेल्या नव्या वाटाही असतात, पण त्यांची गोष्ट निराळी.

वाटेची रचनाही विलक्षण आहे. प्रत्येक पेशीभोवती प्रद्रव्यपटल नावाचे एक पातळ आवरण असते. ते ह्या वाटेच्या कडेकडेने आत शिरते आणि पलीकडच्या पेशीच्या आवरणात अखंड मिसळते. त्याच्या मधोमध आंतर्द्रव्यजालिकेची बारीक नळी, तीही ह्या घरातून त्या घरात गेलेली. बाहेरचे आवरण आणि आतली नळी ही दोन पटले तेथे एकमेकांच्या अगदी निकट येतात. काही प्रथिने त्यांना जणू दोरखंडांनी बांधून ठेवितात, परंतु एकमेकांत विरघळू देत नाहीत. २०१९ साली ह्या कामातली काही प्रथिने ओळखली गेली. पेशीच्या इतर भागांतही दोन पटले अशी जवळ येऊन, न मिसळता, देवघेव करितात. पण भिंतीतील ह्या वाटेत ती जवळीक एका पेशीची न राहता दोघींची होते. दोन पटलांमध्ये जी चिंचोळी फट उरते, तिच्यातून साखर, क्षार, लहानसहान रेणू सहज जातात. मोठी प्रथिने सहसा अडतात. २०१७ साली असे दिसून आले की अगदी कोवळ्या वाटांत ही फट जवळजवळ दिसतही नाही, आणि तरीही पदार्थ पलीकडे जातात.

ह्या वाटांवरून काय काय चालते ते ऐकून मी थक्क झालो. ठाण्याहून डोंबिवलीकडे येताना मुंब्रा-दिव्याच्या बाजूस गाडीतून खाडी दिसते आणि तिच्या काठाने तिवरांची दाटी दिसते. तिवराच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. पानात आलेला खारटपणा शेजारच्या पेशी अशाच वाटांनी त्या ग्रंथींकडे पोचवितात. आणि कल्याणपुढे मुरबाडच्या रस्त्याला लागले की भाताची खाचरे. पावसाळ्याच्या अखेरीस दिवस लहान होऊ लागले हे भाताच्या पानाला कळते, पण लोंबी यावयाची असते ती शेंड्याला. पानात तयार झालेले एक प्रथिन रसवाहिन्यांत शिरते, वर जाते आणि शेंड्याला सांगते की आता वेळ झाली. फुलण्याचा असा निरोप असावा हे १९३०च्या दशकापासून बोलले जात होते; तो निरोप्या भातात प्रत्यक्ष सापडला तो २००७ साली.

आणि ह्याच वाटांनी केवडा चालतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते असे. विषाणू माशीच्या सोंडेतून शिरेत उतरतो, रसवाहिन्यांतून जेथे साखर जाते तेथे जातो, आणि साखर जाते ती कोवळ्या, वाढत्या शेंड्याकडे. म्हणून मी खुडलेल्या पानांच्या आधीच तो वर पोचला होता. दारे त्याच्या मानाने अरुंद असतात हे खरे. पण अनेक विषाणू स्वतःचे एक प्रथिन घडवितात आणि त्याच्याकडून दारे रुंद करवून घेतात. १९८९ साली तंबाखूच्या एका विषाणूविषयी हे सिद्ध झाले. त्याचे प्रथिन झाडात असले की नेहमीपेक्षा सुमारे दहापट मोठे रेणू त्या वाटांतून जाऊ लागले. २०१० साली आणखी एक गोष्ट दिसली. दोन पटलांना जवळ ठेवण्याच्या कामी येणाऱ्या वनस्पतीच्या एका प्रथिनालाच हे विषाणू हाताशी धरतात. ते प्रथिन कमी केलेल्या झाडांत भेंडीच्या विषाणूच्या एका भाऊबंदाचा प्रसार मंदावला. ज्या जवळिकीवर झाडाचा संसार चालतो, तिच्याच आधाराने शत्रू घरोघर हिंडतो.

"मग झाड काहीच करीत नाही?" मी विचारले.

"करते," पुतणी म्हणाली. "दार लावून घेते."

वाटेच्या तोंडाशी कॅलोज नावाचा एक पदार्थ भिंतीत साठविला जातो. त्याने तोंड आवळत जाते. जखम झाली, रोग शिरला, की काही मिनिटांत हे काम सुरू होते. कधी ते वेळेवर होते आणि रोग दोन-चार खोल्यांत कोंडला जातो. कधी विषाणू पुढे निघून गेलेला असतो. पण दार लावणे म्हणजे साखरही अडविणे आणि निरोपही अडविणे. म्हणून झाडापाशी ते कॅलोज विरघळविणारी विकरेही असतात. थंड प्रदेशातील भूर्ज वृक्षाच्या कळ्या हिवाळ्यापूर्वी आपल्या वाटा अशा बंद करून निजतात. पुरेशी थंडी सोसून झाली की ते बूच विरघळते, वाटा मोकळ्या होतात, आणि मग वसंतात कळी फुटते. कायमची बंद दारे क्वचितच. पानाच्या रंध्रांवर पहारा करणाऱ्या पेशी वयात आल्या की शेजाऱ्यांशी असलेल्या वाटा बुजवून टाकतात. त्यांचे कामच तसे आहे.

परतीच्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली होती, पण त्या दिवशी मी खाडी पाहिली नाही. मला एक दार आठवत होते.

माझे लहानपण ठाण्यास नौपाड्यातील एका चाळीत गेले. आमच्या खोलीच्या आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक दार होते. दोन्ही खोल्या कधी काळी एकाच बिऱ्हाडाकडे असाव्यात. पुढे त्या वेगळ्या झाल्या, पण दार राहून गेले. त्याला दोन कड्या होत्या, एक आमच्या बाजूस आणि एक त्यांच्या. रात्री दोन्ही लागत आणि सकाळी दोन्ही निघत. पलीकडे एक जोडपे राहत असे. त्यांना मूल नव्हते. त्या दारातून आमटीची वाटी जाई, साखरेचा डबा येई, आणि मी तर दिवसातून वीस वेळा जाई-येई. काकूंनी केलेल्या धिरड्याचा पहिला तुकडा माझा, असा अलिखित करार होता.

१९६३ सालच्या पावसाळ्यात काकांना खोकला लागला आणि दिवाळीच्या सुमारास तो क्षय असल्याचे कळले. त्या संध्याकाळी आईने आमच्या बाजूची कडी लावली. मला तिचा आवाज अजून ऐकू येतो. ती कडी गंजलेली होती आणि लावताना ओरडत असे. आम्ही तीन भावंडे होतो, धाकटी बहीण अवघी आठ महिन्यांची होती. आई रोज पेज किंवा भाजी करून गॅलरीतून त्यांच्या पुढच्या दाराशी नेऊन ठेवी. त्यात एक दिवस खंड पडला नाही. पण मधले दार बंद राहिले. एकदा दुपारी काकूंनी पलीकडून हलकेच टिचकी मारली. आई तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. मीही गप्प बसलो.

औषधे निघाली होती, म्हणून काका बरे झाले. दीड वर्षाने ते पुन्हा आठ-दहाची गाडी पकडून कचेरीत जाऊ लागले. आईने काही दिवस वाट पाहिली. कशाची, ते तिलाही सांगता आले नसते. मग एका सकाळी तिने आमची कडी काढली आणि दार ढकलले. ते उघडले नाही. पलीकडची कडी लागलेली होती. आई क्षणभर तेथे उभी राहिली आणि चुलीकडे गेली. त्यानंतर दोघी गॅलरीत भेटत, नळावर बोलत, हळदीकुंकवाला जात. पण त्या दाराविषयी कोणी शब्द काढला नाही. पुढे वडिलांनी त्या दारापुढे कपाट ठेविले. काका-काकू कल्याणला राहावयास गेले आणि त्यांची वार्ताही हळूहळू थांबली.

मी मोठा झाल्यावर एकदा आईला टोचून म्हणालो होतो की तू त्या वेळी फार कठोर झालीस. ती चिडली नाही. म्हणाली, "कडी लावली त्याचं काही नाही रे. तुम्ही लहान होतात. ती काढायला उशीर झाला." तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. त्या दिवशी गाडीत मात्र आईचा न्याय करण्यात मीच घाई केली होती असे वाटले. रोग आला असता दार लावणे हा कठोरपणा नव्हे. भेंडीचे झाडदेखील तेच करू पाहते. पण बूच विरघळविण्याची वेळ झाडाला कळते, ती आपल्याला कळत नाही. रोग जातो आणि संकोच राहतो. आणि दाराला कड्या दोन असल्या की एकीच्या उशिराने दुसरीही लागते.

२०२० साली आम्हां पतिपत्नींना कोविड झाला तेव्हा समोरच्या घरातील सून रोज दोन वेळा आमच्या दाराबाहेर स्टुलावर डबा ठेवून, घंटा वाजवून, आपल्या घरात जाई आणि दार लावून घेई. तिचे मूल लहान होते. तिने दार लावले ह्याचे मला तेव्हाही वाईट वाटले नाही. पण आम्ही बरे झालो, सांगितलेले दिवस भरले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती डबा न ठेवता थेट आत आली, खुर्चीवर बसली आणि माझ्या पत्नीला म्हणाली, "काकू, चहा टाका ना." त्या वेळी आम्ही हसलो आणि चहा प्यालो. त्या मुलीने किती मोठे काम किती सहज केले, हे समजावयास मला एक भेंडीचे पान आणि ठाण्याची एक फेरी लागली.

परत आलो त्या संध्याकाळीच मी गच्चीवर गेलो. मधले रोप उपटले. त्याच्या डावीकडच्या रोपाच्याही शिरा पिवळ्या पडू लागल्या होत्या, तेही उपटले. उपटताना मुळांना चिकटलेली माती झटकली आणि दोन्ही रोपे पिशवीत बांधली. पाच रोपे राहिली. त्यांच्यापैकी एखादीत माशीने आधीच आपले काम केले आहे की नाही, हे पाहून सांगता येत नाही. चार-दोन भेंड्या मिळाल्या त्या समोर नेऊन दिल्या. उद्या सकाळी पुन्हा वर जाऊन शिरा पाहावयाच्या आहेत.